जुन्या डब्यातली वायर

आबा, घरात नवा कॉम्प्युटर आलाय आणि गेले अकरा दिवस तो खोक्यांत बंद आहे. तुम्हाला कॉम्प्युटर म्हणजे तहसील कचेरीत बाबू ज्याच्यामागे तोंड लपवून बसतो ते खोकं, एवढंच माहीत. हा तसला नाही. हा तुमच्या नातीने एकेक भाग निवडून, जुळवून, स्वतःच्या हाताने जोडलेला आहे, गेम खेळायला आणि गेम बनवायला. तुम्ही गेलात तेव्हा ती दोन वर्षांची होती, तुमच्या खिशातला टेस्टर ओढायची. आता सोळा पुरी झाली. या चौदा वर्षांत मला तुम्हाला काही सांगावंसं वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. वर्षश्राद्धाला पान वाढलं, फोटो पुसला, नमस्कार केला, संपलं. आज लिहायला बसलेय तेही मायेने नाही. माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे, आणि ती होताना माझ्या तोंडून तुमचा आवाज बाहेर आला. त्याचा राग कुणावर काढायचा, तर तुमच्यावरच. तुम्ही उलटून बोलू शकत नाही, आणि मीही कधी बोलले नव्हते.

दहावीचा शेवटचा पेपर देऊन ती घरी आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, मला कॉम्प्युटर पाहिजे. तुमचे जावई म्हणाले, संध्याकाळी जाऊन घेऊन येऊ, बारामतीत दुकानांना काय तोटा आहे. तर म्हणे, "तयार नको बाबा. मी पार्ट निवडणार आणि मीच जोडणार." यांना वाटलं आठवड्यात खूळ उतरेल. उतरलं नाही. सगळी सुट्टी ती दोनशे पानी वही घेऊन बसली. एका पानावर एक भाग, त्याखाली तो कशाबरोबर चालतो आणि कशाबरोबर चालत नाही याची यादी. मी पोळ्या लाटत असले की ओट्याला टेकून उभी राहायची. "आई, ऐक. हा प्रोसेसर घेतला तर हा बोर्ड चालत नाही." मी म्हणायची, "एकाच कंपनीचे आहेत ना दोन्ही?" "कंपनी एक असली म्हणून काय झालं? सॉकेट वेगळंय, बसणारच नाही तो." "मग दुसरा बोर्ड घे." "तो घेतला तर रॅम बदलावी लागते. नव्या रॅमची खाच दुसरीकडे असते, जुनी आत जातच नाही." खाच हा शब्द ऐकला आणि माझा हात पोळपाटावर थांबला. कितीतरी वर्षांत माझ्या घरात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. तव्यावरची पोळी करपली, तिने ओरडून सांगितलं तेव्हा कळलं.

इंदापूरचं तुमचं दुकान, विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी भरायचं. मोटारी रिवाइंड करून मिळतील, एवढीच पाटी, तीही एका बाजूने गंजलेली. आत वॉर्निशचा वास, तो आईच्या लुगड्यांनाही यायचा. जळालेली मोटार आली की तुम्ही तिच्यातली काळी तार खेचून काढायचात आणि चोवीस खाचांचं रिकामं लोखंड माझ्यापुढे ठेवायचात. मी खाचा ब्रशने साफ करायची, मापाने कागद कापून आत बसवायची, नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी मोजून द्यायची. शेवटी मोटारीतून सहा टोकं बाहेर काढली की त्यांना आईच्या शिवणाच्या डब्यातले धागे बांधायची. लाल, पिवळा, निळा. सुरुवातीच्या टोकाला एक गाठ, शेवटच्या टोकाला दोन. ही खूण तुमच्या दुकानाची, दुसऱ्या कुठल्या दुकानात मी पाहिली नाही. धाकट्या भावाला दुकानात बसवलं की तो दहा मिनिटांत पळायचा, आणि मी शाळा सुटली की आपण होऊन यायची. तुम्ही कुणापुढे कधी कौतुक केलं नाहीत. पण एकदा मी बसवलेल्या कागदावरून अंगठा फिरवलात आणि पुढची मोटार माझ्याकडे सरकवलीत, त्यावर मी महिनाभर खूश होते. किती थोडक्यात भागत होतं माझं.

तुमचे तीन नियम होते, ते मला अजून पाठ आहेत. चांगली तार फेकायची न्हाय. जाड तार कदी दगा देत न्हाय. आणि बल्बावर धरल्याबिगर करंट द्यायचा न्हाय. बल्ब म्हणजे तो लाकडी पट्टीवर ठोकलेला होल्डर आणि दोन तारा. कुठलं टोक कुठल्या टोकाचं आहे हे आधी त्या बल्बाने तपासायचं, मगच मोटार वायरमनच्या ताब्यात द्यायची. पहिले दोन नियम मी इमानाने पाळले, त्याचंच फळ आज भोगतेय. तिसरा तुम्ही एकदा मोडलात, आणि अकरा दिवसांपूर्वी मी मोडला.

सुट्टीत तिच्याबरोबर बसता बसता मी पुन्हा त्या कामात शिरले. तिला पंख्याची उंची आणि कॉम्प्युटरच्या बाहेरच्या डब्याची रुंदी जुळवून बघायची होती. मी माळ्यावरून तुमची सहा इंची पोलादी पट्टी काढून दिली. धाकट्याने दुकान विकलं तेव्हा मी तेवढीच मागून घेतली होती. आता तिथे मोबाइलची कव्हर मिळतात. ग्राफिक्स कार्ड डब्यात मावेल की पुढच्या पंख्याला अडेल, यावर आम्ही मायलेकींनी दोन दिवस वाद घातला. जमिनीवर खडूने डबा आखला, त्यात पुठ्ठ्याचं कार्ड ठेवून पाहिलं. तिचंच बरोबर निघालं. मी तिला व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर धरायला शिकवलं. ती म्हणाली, "आई, तुला हे सगळं येतं? मग तू ऑफिसात फॉर्म का तपासत बसतेस?" मी म्हटलं, जमलं नाही. खरं तर न जमण्यासारखं काही नव्हतंच. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे आबा, हे तुम्हाला ठाऊक आहे. दरवर्षी दुसऱ्यांच्या पोरींचे डिप्लोमाचे फॉर्म माझ्या टेबलावरून जातात. फोटो चिकटवला आहे का, वडिलांची सही आहे का, ते बघून मी शिक्का मारते.

मग मी एक आगाऊपणा केला. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून तिच्या यादीतला वीजपुरवठ्याचा डबा, ते लोक पॉवर सप्लाय म्हणतात, तो स्टँडजवळच्या दुकानातून मीच घेऊन आले. साडेचारशे वॅटचा. वायरी सुट्या होत्या त्याच्या, लागतील तेवढ्या लावायच्या. तिने खोकं उघडलं, मला मिठी मारली आणि मग तिचा चेहरा बारीक झाला. "आई, हा पुरणार नाही गं. कार्डच निम्मं ओढेल, वर प्रोसेसर आहे. साडेसहाशेचा तरी लागेल." पाच एचपीचं काम असेल तिथे साडेसातची मोटार सांगणाऱ्या माणसाची मुलगी मी, आणि मला हे कळू नये? दुसरा, दुसऱ्या कंपनीचा, मागवला. माझा डबा वायरींसकट माळ्यावर गेला. मी हसून नेलं, पण मनात कुठेतरी खट्टू झाले. सगळ्या कॉम्प्युटरमध्ये माझं म्हणून एवढंच होतं, तेही चाललं नाही.

आता त्या डिस्कबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर पोरीने दोन वर्षं खपून एक गेम बनवला होता. मागे एकदा भिगवणला रोहित पक्षी बघायला गेलो होतो, तिथून पुढे जाऊन तिने पळसदेवचं, उजनी धरणाच्या पाण्यातून वर आलेलं देऊळ पाहिलं आणि ते तिच्या डोक्यात बसलं. गेममध्ये एक मुलगी होडी घेऊन उजनीच्या पाण्यावर फिरते आणि खाली बुडालेल्या गावातली एकेक वस्तू वर काढते. जातं, पाळणा, शाळेची घंटा. घंटेचा आवाज तिने आमच्या कॉलेजच्या शिपायाला सांगून रेकॉर्ड केला होता. जातं वर येताना त्याच्यातून पाणी गळायचं, ते दाखवायला तिला तीन आठवडे लागले, आणि जमलं त्या दिवशी तिने मला ऑफिसात फोन करून सांगितलं. सगळं त्या जुन्या डिस्कवर. मी विचारलंही होतं, दुसरीकडे कॉपी ठेवलीस का गं? तर म्हणाली, नव्यात घेणारच आहे की आता.

रविवारी दुपारी आम्ही हॉलमध्ये चादर अंथरून बसलो. ती दर पाच मिनिटांनी उठून नळाच्या लोखंडी पाइपाला हात लावून यायची, अंगातली वीज जावी म्हणून. प्रोसेसर बसवताना तिने श्वास रोखून धरला होता, आणि मीही. सगळं मनासारखं बसलं. जुनी डिस्क मात्र डब्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात होती, तिथवर नव्या सप्लायची वायर कशीबशी पोचत होती. तिने ती लावली आणि म्हणाली, "बसली, पण ताणली जातेय. दूध घेऊन येते, मग बघू. तू हात नको लावूस हं." ती खाली गेली आणि मी माळ्यावर चढले. मी आणलेल्या पॉवर सप्लायच्या डब्यातली वायर काढली. ती तिच्या वायरीपेक्षा चार बोटं लांब होती, आणि चिमटीत धरून पाहिली तर जाडही. जाड तार कदी दगा देत न्हाय. तिची वायर काढून आतच तळाशी ठेवली आणि ही लावली. प्लग खट्कन बसला, इतका नीट की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मल्टिमीटर माझ्या गुडघ्याला लागून पडलेला होता. मी तो उचलला नाही. मागचं झाकण स्क्रूने बंद केलं आणि हात पुसून बसले. सुरू झाला की सांगणार होते, बघ, आईची वायर उपयोगी पडली का नाही.

ती आली, हे मोबाइलवर शूटिंग करायला उभे राहिले, तिने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग आतून टक् असा आवाज झाला आणि वास आला. तो वास मी कुठेही ओळखेन आबा. तुमच्या दुकानात सकाळी पहिल्यांदा जळकी मोटार उघडली की यायचा तोच. तिने धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. आणि मी काय केलं माहीत आहे? तिच्याआधी मी डब्याशी गेले. "थांब, तू हात लावू नकोस, शॉक बसेल," असं म्हणून मागचं झाकण मीच उघडलं, माझी वायर उपटली आणि पदराखाली घेतली; आत दिसत राहिली ती तिची. मग तिला बघू दिलं. डिस्कच्या हिरव्या पट्टीवर काळा डाग पडला होता, करदोड्याच्या मण्याएवढा. हे म्हणाले, "अरे, ही वायर कुणी लावली होती?" आणि मी म्हणाले, "हिनेच लावली. ताणू नको म्हणून सांगत होते मी. ऐकते कुठे?" वाक्य संपायच्या आधीच मला कळलं, की हे मी आधी ऐकलेलं आहे.

तुम्ही विसरला असाल. मी सांगते. मी बारावीची परीक्षा देऊन बसले होते, आणि उजनीच्या कडेचे ते डाळिंबवाले तात्या दहा एचपीची मोटार घेऊन आले होते. बाग पाण्यावाचून वाळत होती, त्यांचा टेम्पो दुकानाबाहेर चालूच उभा. धागे मी बांधले होते, एक गाठ, दोन गाठी, तीनदा बघून. तुम्हाला टोकं लांब वाटली म्हणून तुम्ही पक्कडीने ती कापलीत, धाग्यांसकट, आणि आठवणीवर जोडत गेलात. मी म्हटलं, "आबा, बल्बावर धरायचं?" तुम्ही म्हणालात, "यळ न्हाय, मानूस खोळंबलाय." दुसऱ्या दिवशी दुपारी मोटार परत आली, जळून. दुकानात तात्या होते, शेजारचा पंक्चरवाला होता, आणखी दोन गिऱ्हाइकं होती. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पोरीनं धागं बांधलं व्हतं. बायकांच्या हातात काम दिलं की ह्ये असं व्हतं. माझीच चूक, म्या तिला हितं बसवली." आणि माझ्याकडे वळून, "ऊठ. घरात जा. परत मोटारीला हात लावायचा न्हाय." कापलेली सहा टोकं धाग्यांसकट कोपऱ्यातल्या केरात पडलेली होती. आदल्या दिवशी मीच ती झाडून तिथे ढकलली होती. वाकून उचलली असती आणि दाखवली असती तर झालं असतं. मी कात्री ठेवली आणि घरात गेले. डिप्लोमाचा फॉर्म तुमच्या सहीसाठी वॉर्निशच्या डब्याखाली ठेवलेला होता, इलेक्ट्रिकलचा. तारीख निघून गेली तरी तो तिथेच होता, त्याच्यावर डब्याचा गोल डाग पडला होता. मला बीकॉमला घातलंत. आईने एकदा विचारलं तर म्हणालात, पोरींना टेबलावरचं काम बरं.

त्यानंतर आठवडाभराने घरात डाळिंबांची एक पेटी आली. तुम्ही ती माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "खा." एवढंच. मला वाटलं तात्यांनी मोटार परत भरून दिल्याबद्दल पाठवली असेल. मी सोलून सगळ्यांना वाट्यांमध्ये दिली, तुम्हालाही. तुम्ही खाल्लीत.

तुमच्या तेराव्याला ते तात्या आले होते, म्हातारे झालेले, काठी टेकत. जेवण झाल्यावर मला बाजूला बोलावून म्हणाले, "तुजा बाप लई सरळ मानूस गं. माजी मोटार जळली व्हती बग, तवा आठ दिसात घरी येऊन मला म्हनला, तात्या, धागं म्याच तोडलं व्हतं, पोरीची काय बी चूक न्हाय. म्हनून तर म्या डाळिंबाची पेटी दिली तुज्यासाटी. म्हनलं, इनाकारन बोलनी बसली पोरीला." मी हो हो म्हटलं. त्यांना वाटत होतं मला हे कधीचंच ठाऊक आहे. त्यांना वाटणारच, कुणालाही वाटेल. बैलाला पाणी पाजायला चार पावलं जावं तितक्या सहज तुम्ही चार कोसांवर जाऊन परक्या माणसाला सांगून आलात, आणि मी तुमच्या पुढ्यात रोज ताट वाढत होते. दहा वर्षं लग्नाआधी आणि नंतर माहेरपणाला आले तेव्हा, प्रत्येक वेळी. त्या दिवशी मी मंडपाच्या मागे जाऊन रडले. बायांना वाटलं बापासाठी रडतेय. मी तुमच्यासाठी रडले नव्हते आबा, हेही आज सांगते. मला तुमचा इतका संताप आला होता की पिंडाला कावळा लवकर शिवला याचंसुद्धा वाईट वाटलं होतं.

पोरगी त्या दिवशी रडली नाही. तिने वहीत त्या पानावर काट मारली, सगळे भाग एकेक करून काढले, आपापल्या खोक्यांत भरले आणि खोकी तिच्या पलंगाखाली सारली. रात्री जेवताना म्हणाली, "माझ्याच हातून झालं. मला नाही जमत हे." दोन दिवसांनी म्हणाली, "मी डिप्लोमा नाही करणार आई. कॉमर्स बरं. तू पण केलंसच ना." डिप्लोमाचा फॉर्म फ्रिजवर लावलाय, चुंबकाखाली, तिच्या सहीविना. शनिवारी शेवटची तारीख आहे, आज गुरुवार. परवा मी बाजारातून डाळिंबं आणली, सोलली आणि वाटी तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "खा." ठेवल्यावर मी काय करतेय ते माझ्या लक्षात आलं. तिने चार दाणे खाल्ले आणि वाटी फ्रिजमध्ये ठेवली.

काल ऑफिसमधून लवकर सुटून मी ती डिस्क घेऊन दुकानात गेले. दुकानदार तरुण आहे, शांत. त्याने काळा डाग भिंगातून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, वायर त्याच सप्लायची होती ना?" मी म्हटलं, "नाही. दुसऱ्या सप्लायची. मी लावली." तो म्हणाला, "होतं असं. प्लग बसतो, म्हणून वाटतं चालेल. डिस्कच्या बाजूचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण सप्लायच्या बाजूचं प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने करते. पाच व्होल्ट पाहिजेत तिथे बारा गेले असतील. मीटर लावून बघितलं असतं तर लगेच कळलं असतं." मी म्हटलं, "मीटर जवळच होता." तसलीच पट्टी मिळाली तर बदलून बघतो म्हणाला, आतलं वाचलं असेल तर निघेल, नाहीतर नाही, आशा ठेवू नका. त्याने चहा मागवला, मी तो प्यायले. दुकानातून निघताना मला इतकं हलकं वाटत होतं की स्कूटीवर बसल्यावर मी चक्क गुणगुणत होते. कसब्यातल्या चौकापर्यंत. तिथे सिग्नलला थांबले आणि मला तुम्ही दिसलात, तात्यांच्या ओट्यावर बसलेले, असाच चहा पीत, असेच हलके झालेले. घरी आले तर दारातच तिने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "बघतो म्हणाले."

एवढी वर्षं मला वाटायचं, सांगायला काय जात होतं तुमचं. चार शब्द. आता कळलं काय जातं. तुम्हाला माझी भीती वाटत होती, मी तुमच्याकडे कसं बघेन याची. मला ती कळली म्हणून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. उलट जास्तच राग आला, कारण भीती असूनही सांगता आलं असतं, आणि मलाही येईल, आणि मी अजून सांगितलेलं नाही. मी तुमच्याकडे चौदा वर्षं ज्या नजरेने बघतेय त्या नजरेने तिने माझ्याकडे बघू नये, एवढ्यासाठी मी तिला तिच्याच हातांवर संशय घेऊ देतेय. हे मी इथे लिहितेय, कारण हे तुम्हाला पोचणार नाही.

मघाशी ती बाहेर आली होती. केस बांधत बांधत म्हणाली, "आई, कॉमर्सचा फॉर्म आणणार होतीस ना ऑफिसातून?" मी म्हटलं, "उद्या आणते." मग टेबलापाशी येऊन वाकली आणि म्हणाली, "एवढं काय लिहितेस?" मी कागदावर हात ठेवला आणि म्हटलं, ऑफिसचं आहे.